लेकरू लहान असताना व्यायामाची वेळ कशी काढावी : खेड्यातल्या आईवडिलांसाठी

माझा मुलगा सहा वर्षांचा आणि मुलगी दोन वर्षांची आहे. यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात आमची कोरडवाहू शेती आहे. मुलगी चार महिन्यांची असताना मी व्यायामाला सुरुवात केली आणि पहिल्या महिन्यात तो मला जेमतेम पाच दिवस जमला. ते पाच दिवस कशामुळे जमले आणि बाकीचे कशामुळे बुडाले, हे वहीत लिहून काढल्यावर जे हाती लागले, ते येथे क्रमाने मांडत आहे. ज्यांचे पहिलेच लेकरू आहे आणि ज्यांनी आजवर शाळेतल्या कवायतीपलीकडे व्यायाम केलेला नाही, अशांना डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिले आहे.

विदर्भाला व्यायामाची परंपरा नाही असे कोणी म्हणू शकणार नाही. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली सुरू झाले आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी तेथील पथकाने कबड्डीची प्रात्यक्षिके करून दाखवली. परंतु आखाड्याची ही शिस्त प्रामुख्याने मोकळ्या तरुणांसाठी घडलेली आहे. पहाटे उठावे, तासभर घाम गाळावा, दूध प्यावे, हे ज्याच्या कडेवर लेकरू नाही त्याचे वेळापत्रक आहे. तेच आपल्याला लागू करायला गेले की आठवड्यात अपयश येते आणि दोष आपल्याच आळसाला दिला जातो.

पहिली पायरी : शरीर तयार आहे का ते पाहणे

बाळंतपणानंतर सव्वा महिना विश्रांती घेण्याची आपली रीत मोडण्याचे कारण नाही. मात्र विश्रांतीचा अर्थ दिवसभर बाजेवर पडून राहणे असा नव्हे. साधी प्रसूती झालेल्या आणि कोणताही त्रास नसलेल्या बाईने पहिल्या काही दिवसांतच खोलीत आणि ओसरीवर सावकाश चालावे, दीर्घ श्वास घ्यावा आणि ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळून सैल सोडण्याचा व्यायाम करावा; तो कसा करायचा हे पुढे सांगितले आहे. दवाखान्यात बाळंतपण झाले असल्यास आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात. बेचाळिसाव्या दिवसाची भेट हा व्यायामाविषयी विचारण्याचा उत्तम मुहूर्त आहे, कारण तोवर बाळाचे वजन आणि लसीकरण यांवरच बोलणे होते आणि आईच्या कमरेविषयी कोणी विचारत नाही. सिझेरियन झालेले असेल तर टाका बाहेरून भरला म्हणजे आतूनही भरला असे समजू नये. डॉक्टरांनी तपासून होकार दिल्याखेरीज पाण्याचा भरलेला गुंड उचलणेही टाळावे, मग व्यायाम तर दूरच राहिला.

पोटाची एक तपासणी घरीच करता येते. उताणे झोपून गुडघे दुमडावेत, मान थोडी वर उचलावी आणि बेंबीच्या वर व खाली बोटांनी चाचपून पाहावे. दोन बोटांपेक्षा रुंद फट लागत असेल किंवा मान उचलताच पोटाच्या मधोमध उंचवटा येत असेल, तर पोटाचे स्नायू अद्याप एकत्र आलेले नाहीत. अशा वेळी झोपून उठण्याच्या उठाबशा करू नयेत आणि एकदा डॉक्टरांना दाखवावे. गावात बहुतेक जणी पोट सुटले म्हणून नेमक्या त्याच उठाबशा सुरू करतात.

रक्तही तपासून घ्यावे. महाराष्ट्रातील निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आढळले आहे. चार पायऱ्या चढल्यावर धाप लागते ती व्यायामाची सवय नसल्यामुळे की रक्त कमी असल्यामुळे, हे तपासणीवाचून कळत नाही. प्रसूतीनंतर १८० दिवस लोहाची गोळी घ्यायची असते. ती उपकेंद्रात मिळते, आणि ती डब्यात ठेवून देणाऱ्या घरांत आमचेही घर होते. पूर्व विदर्भातील वाचकांनी सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराची तपासणी झाली आहे ना, याची खात्री करावी. सिकलसेलच्या रुग्णाने एकदम दमछाक करणारा व्यायाम, कडक ऊन आणि तहानलेले राहणे या तिन्ही गोष्टी टाळाव्यात आणि व्यायामाचे प्रमाण डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे.

दुसरी पायरी : आपल्याला कशाची गरज आहे ते ठरवणे

मी अंगणात हातपाय हलवू लागले तेव्हा सासूबाईंनी विचारले होते, “दिवसभर वावरात राबतं, त्याच्यावर आणखी व्यायाम कायले पाह्यजे वं माय?” प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर टाळून पुढे जाता येत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार प्रौढ व्यक्तीने आठवड्यात किमान १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी आणि किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारे व्यायाम करावेत. मध्यम श्रम म्हणजे बोलता येते पण गाता येत नाही इतपत दम लागणे. या मिनिटांत कामातली हालचालही मोजली जाते. त्यामुळे जी बाई पायी वावरात जाते, निंदण करते आणि डोक्यावर सरपण घेऊन येते, तिची मिनिटे केव्हाच पूर्ण झालेली असतात. तिला आणखी चालायला सांगणे हा अन्याय आहे. परंतु तिच्या श्रमाला एकच दिशा असते. कापूस वेचताना तासन्‌तास कंबर पुढे वाकलेली असते, निंदताना गुडघे दुमडलेले असतात, आणि घरी आल्यावर लेकरू कडेवर बसते तेही नेहमी एकाच बाजूला. तिला हवा आहे तो उलट दिशेचा ताण, पाठीचे आणि पोटाचे बळ, आणि थोडे निवांत पडणे.

याउलट जी बाई घरीच असते, किंवा शिवणकाम, दुकान, शाळा असे बसून काम करते, तिची मिनिटे भरत नाहीत. पुरुषांचेही आता तसेच झाले आहे. पूर्वी वखर आणि डवऱ्यामागे कोसभर चालणारा माणूस आज मोटारसायकलवर धुऱ्यापर्यंत (बांधापर्यंत) जातो आणि नांगरणी ट्रॅक्टरने करून घेतो. फवारणीच्या दिवसांत पाठीवर भरलेला पंप येतो तेव्हा मात्र त्याच्या कमरेची परीक्षा होते. म्हणून सुरुवातीलाच स्वतःला विचारावे की मिनिटे कमी पडत आहेत की बळ. ज्याला जे कमी आहे त्याने तेवढेच आधी हाती घ्यावे. दोन्ही एकदम सुरू करणारे लवकर थकतात.

एक दिलासाही आहे. पूर्वी सलग दहा मिनिटांपेक्षा कमी हालचाल मोजू नये असे सांगितले जाई. ती अट आता उरलेली नाही. पाच-पाच मिनिटांचे तुकडेही जमेला धरले जातात, आणि लहान मुलांच्या घरात वेळ मिळतो तो तुकड्यांतच.

तिसरी पायरी : लेकराच्या दिवसाची नोंद

एक आठवडा व्यायाम करू नये, फक्त लिहावे. वहीच्या एका पानावर लेकरू केव्हा उठले, केव्हा प्याले किंवा जेवले, केव्हा झोपले, किती वेळ झोपले आणि केव्हा किरकिर करत होते, एवढेच टिपावे. शेजारी त्या वेळी घरात आणखी कोण होते ते लिहावे. हा दुसरा रकाना बहुतेक जण सोडून देतात, वास्तविक तोच अधिक कामाचा आहे.

माझ्या वहीत असे दिसले की मुलगी सकाळी साडेनऊच्या सुमारास झोपते, पण ती वेळ स्वयंपाकाची आणि डबा भरण्याची असते; दुपारी दीडला झोपते तेव्हा मलाच पेंग येत असते; आणि संध्याकाळी साडेपाच ते सहा ती जागी असूनही प्रसन्न असते, कारण त्या वेळी आजोबा गोठ्यात असतात आणि वासराकडे पाहत ती त्यांच्याजवळ वीस मिनिटे शांत बसते. माझी व्यायामाची वेळ तेथे होती. लेकरू झोपले की व्यायाम करू, हा सगळ्यांचा पहिला विचार असतो आणि तो बहुधा फसतो, कारण लेकरू झोपले की उष्टी भांडी, धुणे आणि आपली स्वतःची झोप, तिन्ही एकदम हाका मारतात.

पहाटेविषयी स्पष्ट सांगते. लेकरू पहिल्या वर्षात रात्री दोन-तीनदा उठत असेल, तर चारला उठून व्यायाम करण्याच्या भरीस पडू नये. झोपेतून कापून काढलेला व्यायाम अंगी लागत नाही. हेच बापालाही लागू आहे. शेतीपंपाला रात्रीची लाईन (वीज) असली की हरभऱ्याच्या किंवा गव्हाच्या ओलितासाठी तो अर्धी रात्र वावरात असतो, आणि अशा दिवशी सकाळी त्याने झोपावे हेच योग्य.

चौथी पायरी : घरात बोलून ठरवणे

व्यायाम बुडतो तो वेळ नसल्यामुळे कमी आणि लेकरू कोणाजवळ ठेवायचे हे ठरलेले नसल्यामुळे अधिक. “थोडे लेकराकडे पाहाल का,” असे रोज नव्याने विचारावे लागले की चौथ्या दिवशी विचारणाऱ्यालाच संकोच वाटू लागतो. त्यापेक्षा एकदाच बसून माणूस, वेळ आणि वार ठरवावेत. आमच्या घरी असे ठरले की सोमवार ते शनिवार संध्याकाळची वीस मिनिटे मुलगी आजोबांजवळ राहील, आणि रविवारी सकाळी मुलांचे बाबा दोन्ही मुलांना घेऊन वावरात एक फेरी मारतील. त्या बदल्यात सकाळी त्यांना सूर्यनमस्कारासाठी पंधरा मिनिटे हवी होती, तेवढा वेळ दोन्ही मुले माझ्याकडे. ही देवाणघेवाण मोकळेपणाने बोलावी. न बोलता धरलेल्या अपेक्षेतून भांडणे होतात.

वडीलधाऱ्यांशी बोलताना वजन उतरवायचे आहे असे सांगू नये. लेकरू अंगावर पिते आहे आणि सून वाळायला निघाली आहे, असा त्याचा अर्थ घेतला जातो. कंबर दुखते, डॉक्टरांनी किंवा आशाताईंनी पाठीचे व्यायाम सांगितले आहेत, असे सांगितल्यास ते लगेच समजते, आणि ते खोटेही नाही. दूध आटेल ही भीती मात्र सविस्तर दूर करावी. मध्यम व्यायामाने दुधाचे प्रमाण किंवा गुण कमी होत नाहीत. व्यायामापूर्वी बाळाला पाजून घ्यावे, म्हणजे छाती जड वाटत नाही आणि बाळही तेवढा वेळ तृप्त राहते. नंतर पाणी प्यावे, एवढेच पथ्य.

ज्यांच्या घरी दुसरे कोणी नाही, त्यांनी बचत गटातील किंवा शेजारची, साधारण त्याच वयाचे लेकरू असलेली एक सोबतीण पाहावी. एक दिवस तिचे लेकरू तुमच्या अंगणात, दुसऱ्या दिवशी तुमचे तिच्या अंगणात. मूल तीन वर्षांचे झाले की अंगणवाडीचे काही तास मिळतात. त्यातले पहिले पंधरा मिनिट व्यायामाचे धरावेत आणि मगच घरकामाला हात घालावा, कारण शेवटचे पंधरा मिनिट कधीच उरत नाहीत.

पाचवी पायरी : दहा मिनिटांचा क्रम

साहित्य काही लागत नाही. सतरंजी, सैल कपडे आणि भिंत पुरते. साडी नेसून जमिनीवरचे प्रकार नीट होत नाहीत, म्हणून मी सलवार-कुर्ता घालते. ज्या घरात ते चालत नाही तेथे दार लोटून घ्यावे.

उभे राहून कमरेवर हात ठेवावेत आणि हळूहळू मागे कलावे, दहा वेळा. वेचणी-निंदणीने पुढे वाकलेल्या कमरेला हे औषधासारखे आहे, आणि वावरात पिकाची एक ओळ संपली की धुऱ्यावर उभे राहूनही ते करता येते. त्यानंतर बैठका घ्याव्यात, पण नवशिक्याने हवेत नव्हे. मागे बाज ठेवावी, तिच्या काठाला टेकेपर्यंत खाली जावे आणि हात न लावता उठावे, दहा वेळा. मग भिंतीपासून दोन हात अंतरावर उभे राहून तळवे भिंतीवर टेकवावेत आणि कोपरे वाकवून छाती भिंतीकडे नेऊन परत यावे. हे भिंतीवरचे जोर होत, तेही दहा. यानंतर सतरंजीवर उताणे झोपून गुडघे दुमडावेत आणि कंबर वर उचलून तीन श्वास थांबावे, आठ वेळा. शेवटी लेकरू रांगते तसे हात-गुडघ्यांवर येऊन उजवा हात आणि डावा पाय सरळ लांब करावा, क्षणभर थांबून बाजू बदलावी. पाठ इतकी स्थिर असावी की तिच्यावर पाण्याची वाटी ठेवली तरी सांडू नये.

ओटीपोटाच्या तळाचा व्यायाम यासोबत किंवा बाळाला पाजताना बसल्या बसल्या करता येतो. लघवी रोखून धरताना जे स्नायू आवळले जातात तेच पाच सेकंद आवळावेत, पाच सेकंद सैल सोडावेत, असे दहा वेळा, दिवसातून तीनदा. प्रत्यक्ष लघवी करताना मात्र हे करू नये. खोकताना किंवा गुंड उचलताना लघवीचे थेंब जाणे हे बाळंतपणानंतरचे भोग म्हणून सोसण्याची गोष्ट नाही. दोन-तीन महिने हा व्यायाम नेटाने करूनही फरक पडला नाही तर डॉक्टरांना विचारावे.

हा क्रम पहिले दोन आठवडे एकच फेरी करावा, नंतर दोन. सूर्यनमस्कार महिनाभराने, आणि पोटातील फट भरलेली असेल तरच सुरू करावेत. पुरुषांनी भिंत सोडून थेट जमिनीवरचे जोर घेण्यास हरकत नाही, परंतु वीस वर्षांचे असताना जितके काढत होतो तितके पहिल्या दिवशी काढून दाखवण्याची हौस आवरावी. आमच्या घरी त्या हौसेपायी चार दिवस खांदा शेकावा लागला. व्यायाम करताना रक्तस्राव वाढला, चक्कर आली, छातीत दुखले किंवा टाक्याच्या जागी ओढ बसली, तर त्याच क्षणी थांबून दवाखान्यात दाखवावे.

लेकरू अंगाखांद्यावर असताना

ठरवूनही काही दिवस लेकरू सोडतच नाही. अशा वेळी त्यालाच सोबत घ्यावे. मान धरू लागलेल्या बाळाला छातीशी घट्ट धरून बाजेच्या आधाराने बैठका घेता येतात. जे बाळ अजून रांगत नाही त्याला जागे असताना दिवसभरात मिळून अर्धा तास पालथे ठेवावे असे सांगितलेले आहे. आपण सतरंजीवर उताणे असताना ते शेजारी पालथे असले की दोघांचेही होते. एक ते चार वर्षांच्या मुलांना तर दिवसात तीन तास हालचाल हवी असते, म्हणून मुलांना मोबाईल देऊन आपण व्यायाम करण्यापेक्षा त्यांना अंगणात सोडून त्यांच्यामागे चालणे शहाणपणाचे. लंगडी, शिवाशिवी, तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल ओढत गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन येणे, यांत मोठ्यांनाही चांगलाच दम लागतो. मोकळ्या अंगणात विहीर, हौद किंवा पाण्याचा टाका असेल तर आधी तो झाकावा. आपली नजर जमिनीवर असताना लेकरू कोठे गेले ते कळत नाही.

लेकरू कडेवर घेताना आज डावी बाजू, उद्या उजवी असा नेम ठेवावा. जमिनीवरून उचलताना कमरेतून न वाकता गुडघ्यांतून खाली बसून, त्याला अंगाशी घेऊन मग उठावे. दिवसातून वीसदा लेकरू असे उचलले की वीस बैठका झाल्या.

हंगामाप्रमाणे बदल

वर्षभर एकच वेळ टिकत नाही, आणि ती टिकवण्याचा हट्टही धरू नये. पेरणीच्या दिवसांत, म्हणजे जून-जुलैत, फक्त पाच मिनिटांचा पाठीचा भाग ठेवावा. पावसात पांदण चिखलाने भरते आणि साप-विंचू बाहेर निघतात, म्हणून चालणे ओसरीतच बरे. पोळ्याच्या सुमारास कामाचा जोर थोडा ओसरतो. क्रमाच्या दोन फेऱ्या तेव्हा सुरू कराव्यात. सोयाबीनची सोंगणी आणि त्यापाठोपाठ कापसाची वेचणी लागली की पुन्हा पाच मिनिटे, पण दिवसातून दोनदा.

हिवाळा चालण्यासाठी सर्वांत चांगला, मात्र जानेवारीत पावणेसातनंतरच नीट उजाडते. चंद्रपूर जिल्ह्यातील ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल या भागांतील आणि जंगलालगतच्या सर्वच गावांतील लोकांनी उजाडल्यावाचून बाहेर पडू नये, एकट्याने तर मुळीच नाही. वाघाचा वावर असलेल्या शिवारात पहाटेची फेरी ही शिस्त नसून धाडस आहे. तेथे शाळेच्या पटांगणात किंवा ग्रामपंचायतीजवळ चालावे. रस्त्यावर चालणाऱ्या सुनेकडे लोक पाहतात, हे मलाही सोसावे लागले. दोघी-तिघी मिळून निघालो की पाहणे कमी होते आणि महिनाभराने कोणी पाहतही नाही.

मार्चपासून जूनपर्यंत वेळ उन्हाने ठरते. अकोला, नागपूर, चंद्रपूर येथे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. त्या दिवसांत साडेपाचला उजाडते, तेव्हा सातच्या आत बाहेरचे सर्व आटोपावे किंवा सूर्य मावळल्यावर अंगणात पाणी शिंपडून बसल्या जागेचे प्रकार करावेत. नवतपाच्या, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या, दिवसांत दम लागणारा व्यायाम बंदच ठेवावा. अंगावर पिणाऱ्या बाळाच्या आईने तहान लागण्याची वाट न पाहता पाणी पीत राहावे.

बुडाल्यानंतर

लेकराला ताप येतो, घरात लग्न निघते, माहेरी जाणे होते, आणि आठ-दहा दिवस सहज जातात. परत सुरू करताना जेथे सोडले तेथून नव्हे, तर त्याच्या निम्म्यापासून करावे, आणि आठवड्याने पूर्ववत यावे. लेकराच्या झोपेच्या आणि जेवणाच्या वेळा दर दोन-तीन महिन्यांनी बदलतात. क्रम पुन्हापुन्हा मोडू लागला तर एक आठवडा थांबून तिसऱ्या पायरीची वही नव्याने भरावी. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत व्यायाम झालेल्या दिवसावर फुली मारावी आणि बुडालेल्या दिवशी कारण एका शब्दात लिहावे. माझ्या गेल्या वर्षाच्या दिनदर्शिकेत “ताप”, “पाहुणे” आणि “लाईन” हे तीन शब्द सर्वाधिक वेळा आले आहेत. यांपैकी पाहुण्यांच्या दिवशी व्यायाम सकाळी उरकायचा, असे या वर्षी ठरवले आहे.